प्रथिनांची घडी आणि विद्युतभार: दुधाच्या संकलन केंद्रापासून इन्सुलिनच्या बाटलीपर्यंत

थोडक्यात महत्त्वाचे

- प्रथिनांवर धन आणि ऋण असे दोन्ही प्रकारचे सूक्ष्म विद्युतभार असतात. प्रथिनाची घडी टिकते की मोडते आणि प्रथिने सुटी राहतात की एकमेकांना चिकटतात, हे बऱ्याच अंशी या भारांवर ठरते.
- आंबटपणा, उष्णता आणि क्षार यांमुळे भारांचा तोल बदलतो. दूध नासणे आणि दही लागणे ही त्याची रोजची उदाहरणे आहेत.
- अनेक इन्सुलिनचा वेग भारांत बदल करून ठरवलेला असतो. म्हणून इन्सुलिन मनाने एकत्र करू नये, तापू देऊ नये, गोठू देऊ नये आणि जोरात हलवू नये.
- सिकलसेल आजारात हिमोग्लोबिनच्या साखळीतील एकाच जागी ऋणभार नाहीसा होतो. त्याच फरकावरून प्रयोगशाळेत हा आजार ओळखता येतो.

बारामती किंवा इंदापूर तालुक्यातील कोणत्याही दूध संकलन केंद्रावर तुम्ही सकाळी उभे राहिलात, तर दुधाचा नमुना घेऊन त्यात तेवढेच अल्कोहोल मिसळताना दिसेल. दूध जसेच्या तसे राहिले तर ते स्वीकारतात. भांड्याच्या कडेला पांढरे कण दिसले तर ते दूध बाजूला ठेवतात. ही चाचणी दुधातील प्रथिने एकमेकांपासून किती जोराने लांब राहतात, हे पाहते. याच तत्त्वावर तुमच्या फ्रिजमधील इन्सुलिन चालते आणि एचबीए१सीचा अहवालही अनेकदा त्यावरच तयार होतो. हे तत्त्व समजले की डॉक्टर देतात त्या अनेक सूचनांचे कारणही समजते.

प्रथिनाची घडी म्हणजे काय?

प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब साखळी असते. निसर्गात त्यासाठी मुख्यतः २० प्रकारची अमिनो आम्ले वापरली जातात. साखळी तयार झाली की ती ठरावीक पद्धतीने वळते, दुमडते आणि तिला एक आकार येतो. या आकारालाच आपण घडी म्हणू. आकार बरोबर असेल तरच प्रथिन काम करते. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहते, इन्सुलिन पेशीच्या दारावर बसते, आणि ही दोन्ही कामे आकारावर अवलंबून आहेत.

घडी पाडणारा सर्वांत मोठा जोर पाण्यामुळे येतो. काही अमिनो आम्ले तेलासारखी असतात. ती पाणी टाळून साखळीच्या आत लपतात. ज्यांच्यावर विद्युतभार असतो ती बहुधा बाहेर, पाण्याच्या बाजूला राहतात. अ‍ॅस्पार्टिक आणि ग्लुटामिक आम्लावर ऋणभार असतो, तर लायसिन आणि आर्जिनिनवर धनभार असतो. हिस्टिडीन मधले आहे. परिसर थोडा आंबट झाला की त्यावर धनभार येतो आणि आंबटपणा कमी झाला की तो जातो.

विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, सारखे भार ढकलतात. साखळीच्या दोन लांबच्या भागांवरील धन आणि ऋण भार जवळ आले, तर त्यांच्यात एक पक्की जोडणी होते. तिला क्षार-सेतू म्हणतात. शर्टाच्या बटणांसारखे हे सेतू घडी जागेवर धरतात. एकाच बाजूला सारखे भार गोळा झाले तर ते घडी उसवायला बघतात.

घडी पडलेले आणि घडी मोडलेले प्रथिन यांच्या ऊर्जेत फार मोठा फरक नसतो. ओढणारे आणि ढकलणारे जोर जवळजवळ बरोबरीचे असतात, आणि शिल्लक उरलेल्या थोड्याशा जोरावर घडी टिकून राहते. त्यामुळे एक-दोन भार इकडचे तिकडे झाले तरी परिणाम दिसू शकतो.

आंबटपणा, क्षार आणि उष्णता काय करतात?

आंबटपणा पीएच या मापाने मोजतात. आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त. पीएच कमी होतो तेव्हा प्रथिनांवरील ऋणभार हळूहळू पुसले जातात. प्रत्येक प्रथिनासाठी एक पीएच असा असतो की तेथे धन आणि ऋण भारांची बेरीज शून्य होते. त्याला समभार बिंदू म्हणू. या बिंदूपाशी प्रथिनांना एकमेकांपासून दूर ठेवणारा जोर उरत नाही. ती चिकटतात, गाठी होतात आणि खाली बसतात.

मिठासारख्या क्षारांचे सुटे भार प्रथिनाभोवती गोळा होतात आणि त्याचे स्वतःचे भार झाकून टाकतात. त्यामुळे ओढ आणि ढकल दोन्ही सौम्य होतात. उष्णतेमुळे साखळी इतकी हलते की जोडण्या सुटतात. उकडलेले अंडे परत पातळ होत नाही, कारण उसवलेल्या साखळ्या एकमेकींत कायमच्या गुंततात.

दूध: रोज डोळ्यांसमोर घडणारा प्रयोग

गाईच्या दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन असते. ते हजारो रेणूंचे गोळे करून दुधात तरंगते. प्रत्येक गोळ्याच्या बाहेर ऋणभार असलेल्या केसाळ धाग्यांचे आवरण असते. सगळे गोळे ऋण असल्यामुळे एकमेकांना ढकलतात, म्हणून दूध एकजीव राहते.

ताज्या दुधाचा पीएच ६.६ च्या आसपास असतो. विरजण लावले की जिवाणू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल बनवतात आणि पीएच उतरू लागतो. केसीनचा समभार बिंदू ४.६ आहे. पीएच तिकडे सरकताना ऋणभार पुसले जातात, गोळे जवळ येतात आणि त्यांची जाळी तयार होते. त्यालाच आपण दही म्हणतो. लिंबू पिळून पनीर करताना हेच झटपट घडते.

उन्हाळ्यात धार काढल्यानंतर दूध थंड व्हायला उशीर झाला, की जिवाणू हेच काम न सांगता करतात. दूध दिसायला चांगले असते, पण भारांचे आवरण पातळ झालेले असते. चुलीवर ठेवले की ते नासते. संकलन केंद्रावरची अल्कोहोल चाचणी हे आधीच ओळखते. अल्कोहोलमुळे केसाळ आवरण आक्रसते आणि कमजोर झालेले गोळे लगेच गुठळ्या करतात.

केसीनला पक्की घडी नसते, त्यामुळे उकळल्याने त्यात फारसे उसवण्यासारखे काही नसते. म्हणूनच ताजे दूध उकळूनही टिकते. गाय व्यायल्यानंतरच्या चिकात मात्र घडी पडलेली प्रतिकार-प्रथिने भरपूर असतात. तापवल्यावर ती उसवतात, एकमेकांत गुंततात आणि खरवस जमतो.

*सोडा घातलेले दूध का धोक्याचे?* आंबायला लागलेल्या दुधात खाण्याचा सोडा किंवा त्याहून तीव्र अल्कली घातली की आम्ल मारले जाते, ऋणभार परत येतात आणि दूध उकळताना नासत नाही. पण वाढलेले जिवाणू आणि त्यांनी तयार केलेले पदार्थ तसेच राहतात. म्हणजे धोक्याची खूण पुसली जाते, धोका तसाच राहतो. अशी भेसळ कायद्याने निषिद्ध आहे. रोझॉलिक आम्लाच्या चाचणीत सोडा असलेले दूध गुलाबी-लाल होते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण असलेल्या घरांनी याबाबत जास्त जागरूक राहावे.

इन्सुलिन: भार बदलून घडवलेले औषध

इन्सुलिन ५१ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन आहे. त्याचा समभार बिंदू ५.३ च्या आसपास असतो. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ असतो, म्हणून शरीरात इन्सुलिनवर एकूण ऋणभार असतो. बाटलीत मात्र इन्सुलिनचे सहा-सहा रेणू जस्ताच्या धनभारित कणांभोवती गट करून बसतात. टोचल्यानंतर हे गट सुटायला वेळ लागतो. म्हणून साधे, स्वच्छ दिसणारे इन्सुलिन जेवणाच्या सुमारे अर्धा तास आधी घ्यायला सांगतात.

शास्त्रज्ञांनी याच भारांशी खेळून वेगवेगळ्या गतीची इन्सुलिने तयार केली:

- लगेच काम करणारे, उदाहरणार्थ अ‍ॅस्पार्ट. यात एका जागी प्रोलिन काढून ऋणभाराचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल बसवले आहे. शेजारच्या रेणूंचे ऋणभार एकमेकांना ढकलतात, गट लवकर सुटतात आणि औषध लवकर रक्तात पोहोचते. म्हणून ते जेवणाच्या अगदी आधी घेता येते.
- मध्यम गतीचे, ढगाळ दिसणारे एनपीएच. यात प्रोटामिन हे आर्जिनिनने भरलेले, म्हणजे धनभाराचे प्रथिन मिसळलेले असते. ते ऋणभाराच्या इन्सुलिनला धरून ठेवते आणि सावकाश सोडते. सरकारी दवाखान्यात बऱ्याचदा मिळणाऱ्या ३०/७० मिश्रणातील ढगाळ भाग हाच असतो.
- दिवसभर चालणारे ग्लार्जिन. यात दोन जादा आर्जिनिन जोडल्यामुळे समभार बिंदू वर सरकून ६.७ च्या आसपास जातो. बाटलीतील द्रावण मुद्दाम आंबट, पीएच ४ चे ठेवलेले असते. तेथे औषध विरघळलेले आणि स्वच्छ राहते. त्वचेखाली पीएच ७.४ मिळताच ते बारीक कणांच्या रूपात बसते आणि २४ तासांच्या आसपास झिरपत राहते.

ग्लार्जिन दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये का भरायचे नाही, हे आता लक्षात येईल. दुसऱ्या द्रावणाने त्याचा पीएच बदलतो, भारांचा तोल बिघडतो आणि दोन्ही औषधांची गती बदलू शकते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. ग्लार्जिन आणि लगेच काम करणारे इन्सुलिन दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात. त्यामुळे रंगावर जाऊ नका, प्रत्येक वेळी लेबल वाचा. रात्रीच्या ग्लार्जिनऐवजी तेवढेच वेगवान इन्सुलिन टोचले गेले, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

इन्सुलिन उन्हात बिघडते म्हणजे नेमके काय होते?

बारामती-इंदापूर पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या घरात जातो. पत्र्याच्या घरात आणि बंद गाडीत त्याहूनही जास्त. उष्णतेने इन्सुलिनची घडी सैल होते. आत लपलेले तेलकट भाग उघडे पडतात आणि रेणू एकमेकांना चिकटून धागे बनवतात. असे इन्सुलिन परत थंड केले तरी पूर्ववत होत नाही. जोरात हलवल्यानेही हीच प्रक्रिया वेग घेते, कारण हवा आणि द्रावण जिथे भेटतात तिथे घडी उसवते. गोठवल्याने पाण्याचे स्फटिक होतात, क्षार एका जागी दाटतात आणि औषध निकामी होते.

घरी पाळायच्या गोष्टी:

१. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात किंवा दारात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवू नका.

२. वापरात असलेली बाटली किंवा पेन थंड, सावलीच्या जागी साधारण ४ आठवडे चालते. तापमानाची आणि दिवसांची नेमकी मर्यादा औषधासोबतच्या माहितीपत्रकात पाहा. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.

३. फ्रिज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर एका मडक्यात दुसरे लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरा. औषध पिशवीत बंद करून आतल्या मडक्यात, झाकण ठेवून, वारा लागेल अशा सावलीत ठेवा. पाणी वाळत जाताना आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार राहते.

४. शेतावर, बाजारात किंवा प्रवासाला जाताना इन्सुलिन दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. बर्फाच्या थेट संपर्कातही ठेवू नका.

५. ढगाळ इन्सुलिन वापरण्यापूर्वी तळहातांमध्ये हळूवार फिरवा आणि अलगद उलटसुलट करा. घुसळू नका.

६. स्वच्छ असायला हवे ते इन्सुलिन गढूळ दिसले, किंवा ढगाळ इन्सुलिनमध्ये गुठळ्या, काचेला चिकटलेले पांढरे कण दिसले, तर ते वापरू नका.

दिसायला ठीक असूनही औषधाची ताकद कमी झालेली असू शकते. आहार, डोस आणि टोचण्याची पद्धत तीच असताना साखर सतत वाढत असेल, तर डोस मनाने वाढवण्याआधी नवी बाटली वापरून पाहा आणि डॉक्टरांशी बोला. उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल श्वास, गुंगी अशी लक्षणे दिसली तर वेळ न घालवता रुग्णालयात जा. इन्सुलिन अपुरे पडल्यामुळे रक्तात आम्ल साठल्याची ती खूण असू शकते.

हिमोग्लोबिन: सेतू तुटतात आणि जुळतात

हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात. प्राणवायू नसताना त्यांच्यामध्ये काही क्षार-सेतू जुळलेले असतात. फुप्फुसात प्राणवायू बसला की ते तुटतात. काम करणाऱ्या स्नायूंमध्ये आंबटपणा थोडा जास्त असतो. तेथे हिस्टिडीनवर धनभार येतो, सेतू पुन्हा जुळतात आणि प्राणवायू सुटतो. ज्या ठिकाणी जास्त गरज, तिथे जास्त प्राणवायू उतरवण्याची ही सोय आहे. हिमोग्लोबिनची रचना उलगडणाऱ्या मॅक्स पेरुट्झ यांनी या सेतूंचे महत्त्व दाखवून दिले.

*सिकलसेल.* हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या जागी ऋणभाराचे ग्लुटामिक आम्ल असायला हवे. सिकलसेलमध्ये तेथे भार नसलेले, तेलकट व्हॅलिन येते. घडी जवळपास तशीच राहते, पण पृष्ठभागावर चिकट जागा तयार होते. प्राणवायू सोडल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या करतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते.

१९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्युत क्षेत्रात हिमोग्लोबिन वेगळ्या वेगाने सरकते हे दाखवले. एका रेणूतील बदलामुळे आजार होतो, याचा तो पहिला पुरावा ठरला. इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी आजही याच तत्त्वावर चालते. एचपीएलसी चाचणीतही हिमोग्लोबिनचे प्रकार भारांनुसार वेगळे केले जातात.

महाराष्ट्रात सिकलसेल मुख्यतः विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आढळतो. तरी बारामती-इंदापूरच्या वाचकांनी तो लांबचा आजार समजू नये. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर येतात, आणि नोकरी-शिक्षणासाठीही लोक येत असतात. दिवसभराचे श्रम, कमी पाणी, थंडी आणि ताप यांमुळे सिकलसेलच्या वेदना उफाळतात. अशा व्यक्तीला हाडांत-सांध्यांत तीव्र वेदना, ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काही झाले, तर मुकादमाने आणि घरच्यांनी तिला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल, तर लग्नाआधी किंवा निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तपासणी करून घ्या. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले आहे. तपासणीबद्दल जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुक्याच्या शासकीय रुग्णालयात विचारा.

एचबीए१सी अहवाल वाचताना

रक्तातील साखर बीटा साखळीच्या टोकाला चिकटते तेव्हा तेथील धनभार कमी होतो. अनेक प्रयोगशाळांतील यंत्रे या फरकावरूनच साखर लागलेले हिमोग्लोबिन वेगळे मोजतात. त्यामुळे हिमोग्लोबिनच मुळात वेगळ्या प्रकारचे असेल तर काही पद्धतींत आकडा चुकू शकतो. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, म्हणून एचबीए१सी खोटा कमी येतो. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात तो थोडा जास्त दिसू शकतो. घरी मोजलेली साखर आणि एचबीए१सी जुळत नसतील, तर हे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*लिंबू, दही किंवा ताक घेतल्याने रक्त आंबट होते का?*
नाही. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे रक्ताचा पीएच अगदी अरुंद मर्यादेत ठेवतात. त्याच कारणाने ‘अल्कलाइन’ पाणी पिऊन रक्ताचा पीएच बदलत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पथ्य डॉक्टर सांगतील तसे पाळा.

*दूध उकळल्याने त्यातील प्रथिने वाया जातात का?*
नाही. काही प्रथिनांची घडी मोडते, पण अमिनो आम्ले तशीच राहतात. जठरातील आम्ल नाहीतरी घडी उसवतेच, म्हणजे पाचकरसांना साखळी तोडणे सोपे जाते. कच्चे दूध पिणे मात्र टाळा.

*मग इन्सुलिनची गोळी का नसते?*
याच कारणामुळे. इन्सुलिनही प्रथिन आहे. पोटात गेले की तेही इतर प्रथिनांसारखे पचून जाते, म्हणून ते सहसा टोचून घ्यावे लागते.

*उकळताना आपोआप नासलेले दूध खावे का?*
ताज्या दुधात आपण लिंबू घालून केलेले पनीर वेगळे आणि आपोआप नासलेले दूध वेगळे. दुसऱ्यात कोणते जिवाणू किती वाढले हे कळत नाही. वास किंवा चव बिघडली असेल तर ते टाकून द्या. लहान मुलांना आणि आजारी माणसांना तर देऊच नका.

*ताप आल्यावर शरीरातील प्रथिने अंड्यासारखी बिघडतात का?*
नेहमीच्या तापात नाही. पेशींमध्ये घडी सांभाळणारी मदतनीस प्रथिने असतात. पण उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते, आणि तेव्हा मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना इजा होऊ शकते. उन्हात काम करणारी व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा बेशुद्ध पडली, तर तिला सावलीत आणा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि लगेच रुग्णालयात न्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

*ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. इन्सुलिनचा प्रकार, डोस किंवा वेळ यांत कोणताही बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.*